भय्यासाहेब = ३

मराठी मंडळाच्या ॲपसाठी सौमित्रने रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एनम, म्हणजे सभासदांच्या खुणांची आकडेवार यादी, लिहिला. एकाच सभासदाला अनेक खुणा लागत, म्हणून त्यांचे आकडे एक, दोन, चार असे दुपटीने हवे होते. त्याने सवयीने लिहिले:

ज्येष्ठ = १
रक्तदाता = २
दिवंगत = ३

ज्येष्ठही आणि रक्तदातेही असलेले भय्यासाहेब दोन्ही खुणा मिळून तीन झाले. ॲपने त्यांच्या निधनाची बातमी मंडळाच्या ग्रुपवर टाकली.

चूक कळताच सौमित्र माफी मागायला रांझीला त्यांच्या घरी धावला. दार भय्यासाहेबांनीच उघडले.

"ॲपचं काय घेऊन बसला रे, मशीनच ते. चलो, आत ये, चहा घे."



चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत ते म्हणाले, "फक्त एक सांग. ग्रुपवर पहिली श्रद्धांजली तूच टाकली. त्याआधी घरी एक फोन काहून नाही केला?"