सायकलीवरचा पुरावा

“वर्गाच्या बाईंना गाढव म्हणाली ती,” सून म्हणाली. “जिन्यात धक्का लागला म्हणून. वर ‘डोळे घरी ठेवून आलात का’ हेही विचारलं. बाबा, उद्यापासून पिटुकली शाळेच्या बसने जाईल.”

आजोबांच्या हातातला चहा हातातच राहिला. चष्म्यांचं दुकान बंद केल्यापासून नातीला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडणं, एवढंच तर त्यांचं सुख होतं.

“अगं, हे शब्द रस्त्यावरचे,” ते म्हणाले. “एकेका गाडीवाल्याचं तोंड म्हणजे नुसतं गटार. एक दिवस दे मला. पुरावा आणून दाखवतो.”

सुनेने एक दिवस दिला. आजोबांनी मुलाचा कॅमेरा हँडलला घट्ट आवळला आणि नातीला घेऊन ते मोहिमेवर निघाले.

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले. पडद्यावर रस्ता नव्हताच. कॅमेऱ्याचं तोंड उलट्या बाजूला बसलं होतं. पडदाभर आजोबाच होते. भुवया कपाळात, मिशी थरथरतेय.

“गाढवा, डोळे घरी ठेवून आलास का?” पडद्यावरचे आजोबा गरजले.

“चुकलं, काका,” कुठूनसा एका गाडीवाल्याचा नरम आवाज आला.

आणि आजोबांच्या कोपराआडून डोकावणारा एक इवलासा चेहरा, पाढे म्हणावेत तसा, अगदी तल्लीन होऊन म्हणत होता, “गाढवा, डोळे घरी ठेवून आलास का?”

मुलगा हसू दाबत स्वयंपाकघरात पळाला. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चित्र तेच.

“शिकवणी जोरात चाललीय की,” सून म्हणाली.

“विद्यार्थिनी हुशार आहे,” आजोबा पुटपुटले. “मास्तरच सुधारायला हवा. कॅमेरा सरळ नको करायला. बघू दे त्याला माझ्याकडे. अजून एक दिवस देशील?”

“एकच,” सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौकात एक व्हॅन आडवी घुसली. आजोबांनी करकचून ब्रेक दाबला. तोंड उघडलं. समोर कॅमेरा टक लावून बसलेला. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा त्यातून आलं, “या हो, आधी तुम्ही.”

“या हो, आधी तुम्ही,” मागून लगेच त्याच चालीत आलं.

आजोबांची छाती फुगली. व्हॅन निघून गेली. त्यांनी पायडलवर पाय ठेवला, तेवढ्यात मागून कुणीतरी सदरा ओढला.

“आजोबा, गाढव म्हणायचं राहिलं.”