दंडाचा परतावा

हप्ता उशिरा पोचला म्हणून विमा कंपनीने दंड लावला. वर्लीनने हप्ता भरला, पण दंडाला साफ नकार दिला. "चेक मी वेळेत टपालात टाकला होता. फुकटचा दंड का म्हणून भरू?" कंपनीने विमाच रद्द केला आणि त्याच महिन्यात टोर्नाडोने तिचं घर उचलून नेलं.

आज जुना शेजारी ओडेल तिच्या भाड्याच्या ट्रेलरघराच्या दारात चेक नाचवत आला. "वर्लीन, शेवटी तूच खरी निघालीस बघ! मी मुकाट दंड भरला होता. अख्ख्या अलाबामातल्या ग्राहकांनी मिळून दावा ठोकला, आता कंपनी सगळा दंड परत करतेय."

वर्लीनने लगेच कंपनीला फोन लावला.


"मॅडम, ज्यांनी दंड भरला, त्यांनाच परत मिळतो. तुम्ही तर भरलाच नव्हता."