वाढदिवसाचं सूप

सुक्या मासळीचं दुकान बंद करून दलसू बुसानच्या इस्पितळात पोचला, तेव्हा पार दमला होता. आज बायकोचा, ओकबुनचा वाढदिवस; पहाटे उठून त्याने पहिल्यांदाच समुद्रशेवाळाचं सूप रांधलं होतं. कोरियात ते प्यायल्याशिवाय वाढदिवस कसला! ओकबुन उलटी थांबवणारी गोळी गिळून केमोच्या सलाईनची वाट बघत पडली होती. त्याने डबा उघडताच ती ओरडली, “झाकण लावा आधी!” “अगं, तुझ्या आवडीचं आहे.” “म्हणूनच! गोळीचा काय भरवसा? नर्स म्हणाली, आज जे खाऊन उलटी होईल, ते कायमचं नकोसं होतं. नुसत्या वासानंही ढवळतं. सूप परवा पिईन.” दलसूने झाकण लावलं आणि खुर्चीत अंग टाकलं. “तुम्हीपण बाहेर बसा.” “दरवेळी मलाच का हाकलतेस?” मासळीचा वास मुरलेल्या त्याच्या कोटाकडे बघत ती क्षीण हसली. “अहो, तुमच्याबरोबर अजून जगायचंय मला!”