हर्षालीचं भिंग

हर्षाली माहेराहून आली ती पिशवी ओट्यावर ठेवून थेट पॉलीहाऊसकडे निघाली, तसा रखमाजीही तिच्या मागोमाग उठला. सुनेचा चेहरा कसा होतो ते बघायची त्याला भारी घाई झाली होती.

"दोन दिस नव्हतीस तर काम फत्ते करून टाकलं," तो मागून म्हणाला. "एक पांढरं ठेवलं नाय."

हर्षाली चालता चालता थांबली. "म्हंजे? फवारलं तुमी?"

"मग काय, बघत बसायचं?"

तिने दाराची जाळी सारली. आत ढोबळी मिरचीच्या ओळी उभ्या होत्या आणि औषधाचा वास नाकात जात होता.

बोरी बुद्रुकात किडीचं काही विचारायचं तर माणसं रखमाजीकडे यायची. त्याच्याच मिरचीवर महिन्याभरापूर्वी पिठ्या ढेकूण आला, पीठ सांडल्यासारखा. रखमाजीने पंप काढला, तर शेतकी शिकून आलेली ही सहा महिन्यांची सून आडवी आली. प्रयोगशाळेतून तिने तांबड्या डोक्याचे काळे भुंगे डबाभर आणून सोडले. हे पिठ्या खातात म्हणाली, एक महिना पंपाला हात लावू नका. कधी कुणाचं न ऐकणाऱ्या रखमाजीने हसत हसत का होईना, घरातल्या सगळ्यांसमोर शब्द दिला होता. आज तेविसावा दिवस होता.

हर्षालीने मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात लटकवलेलं भिंग काढलं. पानावर मरून पडलेला एक पांढरा, लोकरी किडा तिने नखावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. रखमाजी शाबासकीची वाट बघत होता. तिने भिंग त्याच्या हातात दिलं.

"पाय बघा मामा. हा पिठ्या न्हाई. भुंग्याचं पिल्लू हाय हे. ल्हान असताना पिठ्यासारखीच दिसत्यात. पिठ्यातच ऱ्हात्यात आन् पिठ्याच खात्यात."

रखमाजीने पाहिलं. मग त्याला आठवलं, परवा सकाळी हे किडे पानावरून चांगले तुरुतुरु पळत होते. पिठ्या कधी पळत नाही, हे त्याला तीस वर्षं ठाऊक होतं. पळताना डोळ्यांनी पाहूनही, 'लई माजलाय लेकाचा' एवढंच म्हणून त्याने पंप पाठीला लावला होता.

हर्षालीने एका फांदीची बेचकी नखाने उकलली. आत खरा पिठ्या होता, अंड्यांसकट, जिवंत आणि मजेत.

"हे असे दडून बसत्यात. औषध इथवर पोचत नाय. पिल्लं बिचारी उघड्यावर फिरत व्हती."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"आगं, पण तू तांबडं डोकं म्हणली व्हतीस," रखमाजी म्हणाला. "मी आपलं तांबडं डोकंच हुडकत व्हतो."

"व्हय. पिल्लांचं सांगायचं ऱ्हायलं. माझीच चूक."

तिने ते इतक्या पटकन म्हटलं की रखमाजीला जास्तच लागलं. पहिल्या दिवशी भांडली होती तशी बोट नाचवून भांडली असती, तर तोही भांडला असता आणि मोकळा झाला असता. परवा सकाळी फोन त्याच्या खिशात होता. तिचं माहेर, घोडेगाव, काही सातासमुद्रापार नव्हतं. त्याने फोन बाहेर काढलाही होता. मग वाटलं, आपण साठीला आलेलो, आणि तेवीस वर्षांच्या पोरीला विचारायचं, फवारू का म्हणून? फोन परत खिशात गेला. त्याची त्याला आता लाज वाटत होती.

शेवटच्या ओळीत त्याला काहीतरी हललेलं दिसलं.

"हर्षाली! हिकडं ये! एक जित्तं हाय गं!"

तो गुडघ्यांवर बसला आणि पानाखाली त्याने ओंजळ धरली. हर्षाली आली, वाकून बघू लागली. पांढरं पिल्लू पानाच्या शिरेवरून अर्ध्यापर्यंत चाललं, थांबलं, पुन्हा थोडं चाललं आणि त्याच्या ओंजळीत पडलं. मग हललं नाही. रखमाजीने ओंजळ तशीच धरून ठेवली.

"परत आणू भुंगं," तो म्हणाला. "उद्याच्याला जातो मी. कुठं मिळत्यात तेवढं सांग."

"आता सोडून उपयोग न्हाई मामा. औषधाचा अंमल हाय पानावर. आणलं तरी मरतील."

"मग?"

हर्षालीने नळावर हात धुतले, पदराला पुसले.

"मग काय. कुठलं औषध मारायचं ते तुमी ठरवा. तुमी म्हणाल ते."

सून घरात आल्यापासून रखमाजीला हेच वाक्य ऐकायचं होतं. वीस औषधांची नावं त्याला तोंडपाठ होती, पण आता एकही आठवेना.

ती दारापर्यंत गेली तेव्हा भिंग अजून आपल्याच हातात असल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

"आगं, भिंग ऱ्हायलं तुझं!"

"असू द्या तुमच्याकडंच," ती म्हणाली, आणि बाहेरचा किडा आत येऊ नये म्हणून रोजच्यासारखी जाळी नीट लावून घराकडे गेली.