जड झालेलं पेन

"पेन जड झालंय," सासरे म्हणाले.

सून खिडकीचा पडदा सारत होती. तिचा हात तिथंच थांबला.

"पेन कसं जड होईल, बाबा?"

"तेच म्हणतोय मी. पेन कशाला जड होईल? हात गेलाय माझा."

आयुष्यभर त्यांनी विद्यापीठाच्या पदव्यांवर नावं लिहिली होती. छापील मजकुरात सोडलेल्या कोऱ्या जागेत एकेक नाव, खाडाखोड न करता. पक्षाघाताच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी रोज सकाळी पानभर लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी तेच जुनं पेन मागून घेतलं. सुरुवातीला साधी रेघ सरळ येईना. मग हळूहळू अक्षराला आकार येऊ लागला. मागच्या आठवड्यात त्यांनी सुनेचं नाव लिहून तिच्यापुढे धरलं होतं. "घे. पदवी द्यायला हरकत नाही आता."

त्याच दुपारी टेबल पुसताना ते पेन तिच्या हातून फरशीवर पडलं. नेमकं निबेवर.

पेन दुरुस्तीला टाकून ती तशीच दुकानात गेली. कंपनीने ते जुनं मॉडेल पुन्हा बाजारात आणलं होतं. तोच विटकरी रंग, टोपणावर तीच सोनेरी पट्टी, शाई ओढायची कडेची तरफसुद्धा तशीच. "हुबेहूब आहे," विक्रेता म्हणाला. तरफ नुसती शोभेची होती, शाई आतल्या नळीत भरायची. पण शाई रोज सूनच भरायची आणि झटक्यानंतर सासऱ्यांची नजरही अधू झालेली. तिने ते घेऊन जुन्याच्या जागी ठेवलं. खपून गेलं.

जुनी निब सोन्याची होती, त्यांच्या हाताच्या कलाने झिजलेली. ही पोलादी, ताठ. आजच्या कागदावर सगळ्या रेघा एकसारख्या उमटल्या होत्या, खिळ्याने ओढल्यासारख्या. सासऱ्यांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि टोपण लावलं.

"उद्यापासून कागद ठेवू नकोस."

काल रात्री ते डाव्या हाताने जेवले होते. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. सुनेला ते आठवलं आणि तिला राहवेना.

"बाबा, हे तुमचं पेन नाही."

"समजूत घालतेस?"

"खरंच नाही. तुमचं माझ्या हातून पडलं, निब वाकली. हे नवं आहे. जुन्यासारखं काढलेलं."

त्यांनी पेन उजेडात धरलं. डाव्या अंगठ्याने तरफ उचलून पाहिली. ती हलेना. पुन्हा पाहिली. आता ओरडतील म्हणून सून मान खाली घालून उभी राहिली, पण ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"अगं वेडे, आधी नाही का सांगायचं? मी तर गाशा गुंडाळायला घेतला होता! जा, जा. माझं पेन घेऊन ये."

दुरुस्तीवाल्याकडे पेन तयार होतं. तिने तिथंच दोन ओळी लिहून पाहिल्या. निब लोण्यातून फिरावी तशी फिरली. परत येताना ती जवळजवळ पळतच आली.

सासरे दाढी करून, धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसले होते. समोर कोरा कागद. त्यांनी पेन हातात घेतलं, तळव्यावर तोललं आणि मान डोलावली.

"हं. हे बघ. पिसासारखं."

ते लिहू लागले. पहिल्या अक्षराची रेघ जाड निघाली, वळणावर बारीक झाली. अगदी पूर्वीसारखी. पुढचं अक्षर ओळीवरून घसरलं. त्यापुढचं त्याच्यावर जाऊन आदळलं. त्यांनी दाब वाढवला तशी निब फाकली आणि कागदावर शाईचा ठिपका पसरला. त्यांनी नवी ओळ धरली. ती आणखी वाकडी गेली.

"निब नीट बसली नसेल," सून घाईघाईने म्हणाली. "मी परत नेते. आत्ताच नेते."

"थांब." त्यांनी पेन तिच्यापुढे केलं. "तू लिही."

"माझं कसलं अक्षर, बाबा."

"लिही म्हटलं ना."

तिने उभ्याउभ्याच एक ओळ लिहिली. मुद्दाम बिघडवावी असं तिच्या मनात आलं, पण ते समोरच बसून बघत होते. ओळ स्वच्छ उमटली. जिथं जाड तिथं जाड, जिथं बारीक तिथं बारीक.

दोघंही त्या ओळीकडे पाहत राहिले. मागच्या आठवड्यात हात सुधारत होता, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग या चार दिवसांत, त्या ताठ निबेशी झगडताना, त्यांनीच मनातून हात सोडून दिला? की हात जायचाच होता? तिला कळेना. कुणाला विचारावं, हेही कळेना.

सासऱ्यांनी कापडाच्या तुकड्याने निब पुसली. टोपण लावलं.

"हे तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "ते नवं कुठंय?"

"ते कशाला? तुम्हाला जड होतं ते."

"होऊ दे. अंगण वाकडं म्हणायची तरी सोय राहील."

तिने नव्या पेनात शाई भरून दिली. त्यांनी कागद उलटा केला, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि कोऱ्या बाजूवर पहिली रेघ ओढायला घेतली.