तेहतिसावं स्मृतिचिन्ह

बाबांनी इन्व्हेस्टमेंट बँकेतला गलेलठ्ठ पगार सोडून सरकारचं आर्थिक सल्लागारपद घेतलं, तेव्हा लेकीने वर्गभर मिरवलं होतं. आज जुन्या बँकेतून खोकं आलं. आत काचेचं स्मृतिचिन्ह. सौदा पार पडला की बँकवाले एकमेकांना देतात तसलं. कपाटात अशी बत्तीस होती. तिने हौसेने वाचलं: 'सरकारी बंदराची विक्री', खाली खरेदीदार कंपनीचं नाव. "बाबा, बंदराच्या बोलींचे पाच लिफाफे तुम्ही उद्या उघडणार ना?" "हो गं." "मग कोण जिंकलं हे काचेला आजच कसं कळलं?" बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, बँकेतली पोरं उतावळी, आधीच करून ठेवतात." "पाचही कंपन्यांची?" बाबांनी ते परत खोक्यात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "हे अजून कुणी वाचलंय?" "आईने," ती धडधडीत खोटं बोलली. "चपला घालतेय. तुम्हाला मंत्र्यांकडे न्यायला, कबुली द्यायला."