खोटं खोटं लागलं

"आई गं!" टेबलावर बोट आपटल्याचं नाटक करत शलाका कळवळली. बालवाडीतल्या मुलांना दुसऱ्याचं दुखणं कळतं का, हे तिला प्रबंधासाठी पाहायचं होतं. सकाळपासून एकोणीस मुलांसमोर ती खोटं खोटं विव्हळली होती.

विसावी, साडेतीन वर्षांची कृत्तिका. तिने बोटावर फुंकर घातली, मग घरची माणसं करतात तशा टेबलाला चापट्या मारल्या. "हत् रे! ताईला मारतोस?" शलाकाने 'धीर दिला' या रकान्यात खूण केली.

दारापर्यंत गेलेली कृत्तिका परत फिरली. टेबलावर गाल टेकून म्हणाली, "तुला पण लागलं ना रे?" आणि तिथेही फुंकर घातली.

शलाकाने पुन्हा पेन उचललं. तक्त्यात याला रकानाच नव्हता.

पुढच्या मुलाला बोलावण्याआधी तिने टेबलावरून हलकेच हात फिरवला.